दत्ताच्या मुलीसाठी बेस गिटार

बडोदे, ६ जुलै २०२५

दत्ता,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट फोडशील की तसंच बाजूला ठेवशील, ह्या विचारात तीन दिवस गेले. अठरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही आपणहून लिहायला बसलेलो नाही. तुझी आकांक्षा आली होती.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. स्नेहलताने दार उघडून मला हाक मारली, "अहो, एक मुलगी आलीय. क्लासचं विचारतेय बहुतेक." मी हल्ली घरीच कीबोर्ड शिकवतो, अकोट्यातल्या ह्याच फ्लॅटमध्ये, पुढच्या खोलीत. बाहेर आलो तर दारात एक उंच मुलगी, पाठीवर सॅक आणि डावा खांदा थोडा खाली टाकलेला. तू तसाच उभा राहायचास, गळ्यात गिटार असो वा नसो. तिने नाव सांगायच्या आधीच मला कळलं.

"मुकुंदकाका ना? मी आकांक्षा शिर्के. भुसावळहून. म्हणजे आता इथेच असते, सयाजीगंजला होस्टेलवर."

भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणाली. वर्षभर ती ह्याच गावात होती आणि मला पत्ता नव्हता. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला, अल्बममधल्या फोटोचा काढलेला फोटो. आपल्या ऑर्केस्ट्राचा, नवरात्रातला, २००१चा. तू पुढे बेस गिटार घेऊन, मी कीबोर्डवर, मागे ड्रमच्या आड आनंद, आणि माइकपाशी जयवंतराव. फोटोच्या पाठीवर तू सगळ्यांची नावं लिहून ठेवली होतीस म्हणे. त्या नावांवरून तिने मला शोधलं.

"काका, मला अशी बेस गिटार घ्यायची आहे," ती म्हणाली. "अशीच दिसणारी. आणि दिसते तशी वाजणारी."

होस्टेलच्या मुलींचा ग्रुप आहे, त्यात ती वर्षभर कुणाची तरी मागून आणलेली बेस वाजवतेय. मी विचारलं, बाबांना माहीत आहे का?

"सांगितलंय. ते फक्त 'बरं' म्हणाले. कुठली घेऊ विचारलं तर म्हणे, मला आता त्यातलं काही कळत नाही."

तुझ्या घरी बेस नाही, तुला वाजवताना तिने कधी ऐकलेलं नाही. ती लहान असतानाच तू डाव्या कानाने पूर्ण ऐकेनासा झालास आणि आता उजव्यातही मशीन आहे, हे तिच्याकडून कळलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणाली. म्हणून हे पत्र.

आपला संबंध कसा तुटला, तेही तिने विचारलं. मी म्हटलं, रेल्वेची बदली झाली, तुझे बाबा भुसावळला गेले, मग राहिलंच. स्नेहलता चहा घेऊन आत येत होती, ती माझ्याकडे बघत राहिली. बदलीआधी काहीतरी बिनसलं होतं एवढं तिला माहीत आहे.

तुझी हरकत नसेल तर मी तिला गिटार निवडायला मदत करतो. हरकत असेल तर तसं कळव, मी तिला काहीतरी कारण सांगेन.

निरुपमावहिनींना नमस्कार.

मुकुंद

बडोदे, २९ जुलै २०२५

दत्ता,

तुझं कार्ड मिळालं. "हलकी घेऊ देऊ नकोस. प्रत्येक फ्रेट तपासा." अठरा वर्षांनंतर सात शब्द, पण मला ते पुरले. आकांक्षाला कार्ड दाखवलं तर तिने त्याचा फोटो काढून घेतला. म्हणाली, "काही कळत नाही म्हणणारे बाबा हेच का?"

आधी स्टेशनजवळच्या एका नव्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने पाच तारांची, आरशासारखी चकचकीत बेस समोर ठेवली. आत बॅटरी, वर चार नॉब. तिने दहा मिनिटं वाजवली, आभार मानले आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, ह्यातून सगळंच ऐकू येतं. बोट तारेवर घासलेलंसुद्धा. मला गाण्याच्या खाली राहणारा आवाज हवाय." वीस वर्षांची मुलगी, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

मग रावपुऱ्यात किरीटभाईकडे. आपण तारा आणायचो तेव्हा त्याचे वडील गल्ल्यावर असायचे. आता गल्ल्यावर तोच, टक्कल पडलेला. मला बघून म्हणाला, "आवो मुकुंदभाई, हवे बधाने जूनुं ज जोईए छे." खरंच आता सगळ्यांना जुनंच हवंय. म्हणजे जुनी गिटार नव्हे, नवीच, पण साठ वर्षांपूर्वीच्या नमुन्यावर बनवलेली. तसलंच लाकूड, तसाच जाड नेक, तसाच मध्यावर पिवळा आणि कडेला काळपट होत गेलेला रंग.

त्याने दोन काढल्या. पहिलीचा रंग कोपर टेकतो तिथे उडालेला, पाठीवर पट्ट्याच्या बकलचे ओरखडे. मी विचारलं, ही कुणाची होती? किरीटभाई हसला. कुणाचीच नाही, कारखान्यातच घासून पाठवतात, अशी जास्त खपते. आकांक्षाने ती हातात घेतली होती, लगेच खाली ठेवली.

"हे कुणी वाजवून झालेलं नाही ना, मग नको."

दुसरी साधी होती. ओरखडा एकही नाही, छातीवर तपकिरी पट्टी, दोनच नॉब आणि जड. तारा जाड नि चपट्या, बोट सरकलं तरी चिरका आवाज न करणाऱ्या. तुझी आठवण यावी अशी. मी तिला म्हटलं, बाबांनी सांगितलंय, प्रत्येक फ्रेट. चार तारा, फ्रेटची वीस घरं, ती एकेक दाबत गेली आणि मी ऐकत गेलो. सगळ्यांत बारीक तारेवर सहाव्या घरात स्वर लवकर मरत होता. पाचवं घर गुणगुणत राहायचं, सातवंही, मधलं लगेच विझायचं. मी म्हटलं, ही खोड आहे, जुन्या नमुन्यात असते. तिने विचारलं, "बाबांच्या बेसला होती?" होती. तू तो स्वर शेजारच्या तारेवर घ्यायचास. सांगितलं तिला. तिने लगेच तसं करून बघितलं.

तेवढ्यात दुकानात दोघे जण इलेक्ट्रॉनिक ढोल वाजवून बघायला लागले. नवरात्र दोन महिन्यांवर आलंय, त्यांचंही बरोबरच. पण आम्हाला काही ऐकू येईना. मी म्हणणार होतो थांबू या, तर आकांक्षाने मान वाकवली, गिटारच्या वरच्या टोकाला जबडा टेकवला आणि वाजवत राहिली. डोळे मिटून.

मी विचारलं, हे कुठून शिकलीस?

"बाबा मोटरचं बेअरिंग असंच ऐकतात," ती म्हणाली. "स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटरला, दुसरं दातात. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांनाच बोलावतात. हाडातून सगळं कळतं म्हणतात."

मी बाहेर गेलो. फोन आल्यासारखं केलं आणि पानवाल्याच्या ठेल्यापाशी उभा राहिलो, ती मला हाक मारेपर्यंत.

त्या दिवशी घेतली नाही. तासन्‌तास गळ्यात अडकवून बसली, खांदा दुखतो का बघायला. शनिवारी घेणार आहे. मी तिला सांगितलंय, मंगळवारी आणि शनिवारी इकडे ये, माझ्या कीबोर्डबरोबर सराव कर. स्नेहलता तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करणार म्हणते. आम्हाला मूल नाही, तुला माहीतच आहे. घरात तेवढे दोन दिवस बरं वाटेल.

आनंद असता तर त्याने तिला ठेका शिकवला असता. तो गेल्याचं तुला कळलं असेलच. तीन वर्षं झाली. किडनी. कोमलवहिनी इथेच, अकोट्यात, दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

मुकुंद

बडोदे, १८ ऑगस्ट २०२५

दत्ता,

तुझं पत्र परवा आलं. कार्ड नव्हे, चांगलं दोन पानी पत्र. गिटार घेतल्याचं आकांक्षाने कळवलं, तिचा फोटो पाठवला, हे वाचून बरं वाटलं. "तुझ्यासारखा माणूस तिथे आहे म्हणून काळजी वाटत नाही," असं तू लिहिलंस. ते वाक्य वाचलं आणि पुढचं वाचायला बराच वेळ लागला.

पुढे तू आनंदबद्दल लिहिलं आहेस. तो गेल्याचं कळलं होतं, कोमलवहिनींना दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, कारण ज्याने तुझी गोष्ट जयवंतरावांच्या कानावर घातली त्याच्यासाठी तुझ्याकडे शब्द नव्हते. माणूस मेल्यावरही राग जात नाही, ह्याची तुलाच लाज वाटते, असंही लिहिलंस.

आनंदने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

हे वाक्य मी आज सकाळपासून चार कागदांवर लिहिलं आणि चारही फाडले. हा पाचवा फाडणार नाही. आता सगळं सांगतो, जसं झालं तसं.

२००६चा ऑगस्ट. तुला आठवतं, दांडिया बाजारातली आपली सरावाची खोली. आनंद अजून आला नव्हता. तू मला सांगितलंस की डाव्या कानातलं हाड आखडत चाललंय, डॉक्टर म्हणतात वाढत जाणार, कदाचित दुसऱ्याही कानात येईल. "आनंदला बोललोय, तुला बोलतोय. तिसऱ्याला कळू देऊ नकोस, स्टेज जाईल माझं." मी घाबरलो तर तू हसलास आणि मला कापूस आणायला लावलास. दोन्ही कानांत कापूस ठासून, गिटारला जबडा टेकवून तू अख्खा गरबा वाजवलास. पाऊण तास. मी मुद्दाम लय बदलली, मधेच थांबलो, परत उचलली. तू एकदाही चुकला नाहीस. कापूस काढून म्हणालास, "बघ, मला कानाची गरजच नाही."

दहा-बारा दिवसांनी जयवंतरावांनी मला घरी बोलावलं. ऑर्केस्ट्रा त्यांचा, मंडळांशी बोलणी त्यांची, शब्द त्यांचा. चहा आला. ते म्हणाले, ह्या वर्षी माणसं कमी करायची आहेत. नवे कीबोर्ड आलेत, त्यात सगळं असतं. "माझा भाचा शिकलाय त्यावर. तेव्हा दत्ता राहील, आनंद राहील, तुझं पुढच्या वर्षी बघू. दत्ताला लोक ओळखतात."

मला तेव्हा दुसरं काही येत नव्हतं. कारखान्यातली नोकरी मी ह्यापायी सोडली होती, बाबांशी भांडून. स्नेहलताचं आणि माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पण हे सगळं मी आता लिहितोय. त्या क्षणी मी एवढंच मनात म्हणालो, तो का आणि मी का नाही?

चहा संपवला आणि म्हटलं, "जयवंतराव, एक गोष्ट कानावर घालतो. दत्ताचा डावा कान गेलाय. दुसराही जायच्या वाटेवर आहे. पाच हजार माणसं नाचत असताना ठेका चुकला तर तुमचं नाव जाईल."

तू चुकणार नाहीस हे जगात मलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं.

त्यांनी कपबशी बाजूला सारली. मग विचारलं, "बेस तुझ्या कीबोर्डवर वाजेल?" मी म्हटलं, डाव्या हाताने वाजवेन. भाच्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

हे झालं ते भीतीने झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण दुसरी गोष्ट भीतीने झाली नाही. जयवंतरावांनी तुला काढलं तेव्हा म्हणाले, तुझ्याच माणसाने सांगितलं. तू तसाच माझ्याकडे आलास. शर्ट घामाने भिजलेला, सायकल जिन्यात आडवी टाकून. पंधरा दिवसांपूर्वी आनंदचं आणि तुझं लयीवरून वाजलं होतं. तू मला विचारलंस, "आनंदच ना?" आणि मी, तुझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून, म्हणालो, "कोण जाणे. तोच असेल."

तू पाणी प्यालास. माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि गेलास.

तू त्यानंतर आनंदशी बोलला नाहीस. त्याने दोनदा तुझ्या दारात येऊन बघितलं, तू आतून कडी काढली नाहीस, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मग तू बदली मागून घेतलीस आणि बेस विकायला काढलीस. ओळखीच्या दोघा जणांनी मला विचारलं, तू घेतोस का? मी नको म्हटलं. ती रोज डोळ्यांसमोर बघवली नसती.

मी पुढे अकरा नवरात्रं डाव्या हाताने बेस वाजवली. लोकांना फरक कळला नाही. मला कळत होता.

मुकुंद

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाकीट अजून बंद केलेलं नाही. आज आकांक्षा आली होती. तिला सहाव्या घराची खोड आता हातात बसलीय, न बघता शेजारच्या तारेवर जाते. जाताना म्हणाली, "काका, तुमच्याकडे आलं की बाबा कसे होते ते कळतं."

मी तिला सांगितलं नाही. तुला आधी कळायला हवं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की मला आणखी एक मंगळवार हवा होता. आता खाली जाऊन पेटीत टाकतो.

बडोदे, १२ सप्टेंबर २०२५

दत्ता,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा धरायचा मला हक्क नाही. पण इथे जे झालं ते तुला माझ्याकडून कळावं.

गेल्या शनिवारी आकांक्षा आली, नेहमीच्या वेळेला, पण गिटार आणली नव्हती. आत येऊन बसली नाही. स्नेहलता खिचडीचं विचारायला आली तर "नको काकू" म्हणाली.

"बाबांनी तुमचं पत्र मला पाठवलं," ती म्हणाली. "वरती काही लिहिलं नाही. नुसतं पाकिटात घालून पाठवलं. मी तीनदा वाचलं."

मी कीबोर्ड बंद केला.

"तुम्ही मला मदत केलीत ती ह्यासाठी?"

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी तू दत्ताची मुलगी म्हणून दारात उभी होतीस, मला नुसता आनंद झाला होता. किरीटभाईच्या दुकानात तू जबडा टेकवलास, त्यानंतर हो. त्यानंतर ह्यासाठीच."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी महिनाभर येत होते इथे. जेवत होते."

"तू यायची थांबशील म्हणून."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे भरले होते, पण आवाज तुझ्यासारखा, खाली आणि एकसारखा. "बाबा घरी गाणंसुद्धा लावत नाहीत, काका. मी लहान असताना गुणगुणायला लागले की उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, माझा आवाज वाईट आहे."

मी म्हटलं, माझं चुकलं. तिने मान हलवली, मान्य केल्यासारखी, माफ केल्यासारखी नव्हे. मग म्हणाली, "गिटार मी ठेवणार आहे. ती तुम्ही दिलेली नाही, मी निवडलीय. पण सरावाला येणार नाही."

दारापर्यंत गेली, वळली, स्नेहलताच्या पाया पडली आणि जिना उतरून गेली.

स्नेहलता मला एवढंच म्हणाली, "मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळायला हवं होतं. आज नव्हे." तिलाही मी सांगितलेलं नव्हतं. ती गेले सहा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोमलवहिनींकडे गेलो. दोन गल्ल्या, पाच मिनिटं. आनंद गेल्यावर मी त्या घरी चार-पाचदा गेलो असेन, गॅसचं काम, बँकेचं काम, असं काही असलं की. दर वेळी त्या मला बसवून पोहे देत. ह्या वेळी मी म्हटलं, वहिनी, काही करू नका, मला बोलायचं आहे. त्यांनी कणीक मळायला घेतली होती, तसेच हात घेऊन समोर बसल्या.

मी सांगितलं. तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने. मान वर करून बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललेलं नव्हतं.

"आम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दत्ताभाऊंनी दोघांनाच सांगितलं होतं ना? एक हे. हे काही बोलले नव्हते, ते ह्यांना ठाऊक होतं. मग दुसरं कोण उरलं?" त्या हातावरची कणीक हळूहळू सोलून काढत होत्या. "पहिल्याच दिवशी कळलं होतं त्यांना."

दत्ता, आनंद त्यानंतर अकरा वर्षं माझ्यामागे ड्रमवर बसला. सगळं माहीत असून. माझ्या डाव्या हाताला त्याने लय दिली. माझ्या बाबांना पोचवायला स्मशानात सगळ्यांत आधी तो आला होता. आम्ही दोघंच सरावाच्या खोलीत असायचो तेव्हा तो कधी कधी काठ्या खाली ठेवून माझ्याकडे बघत बसायचा. मी विचारायचो, काय रे? तो म्हणायचा, काही नाही.

मी वहिनींना विचारलं, मग त्याने मला तोंडावर का नाही विचारलं? दत्ताला का नाही सांगितलं?

"दत्ताभाऊ दार उघडायला तयार नव्हते. आणि मी म्हणायचे, तुम्ही मुकुंदभावजींना तरी जाब विचारा. हे म्हणायचे, सांगेल. त्याच्या तोंडून यायला पाहिजे, नाहीतर दत्ता म्हणेल मी आपला दोष त्याच्यावर ढकलतोय. आज ना उद्या सांगेल." त्या उठल्या. "दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्ही भेटायला यायचात ना, तुम्ही गेल्यावर मला विचारायचे, काही बोलला का?"

मी दवाखान्यात रोज जात होतो, दत्ता. सफरचंद घेऊन. क्रिकेटच्या गप्पा मारून यायचो.

वहिनींनी हात धुतले आणि मला पोहे केले. मी खाल्ले. नको म्हणण्याचा मला अधिकार नव्हता असं वाटलं.

मुकुंद

बडोदे, १६ नोव्हेंबर २०२५

दत्ता,

हे शेवटचं. ह्यानंतर मी तुला लिहिणार नाही, तुला त्रास देण्यासाठी तर नाहीच.

दिवाळीत तू इथे आलास ते मला माहीत आहे. कोमलवहिनींनी सांगितलं. आकांक्षाला घेऊन आलास, आनंदच्या फोटोसमोर तासभर बसलास, मग तू विचारलंस की त्याच्या काठ्या आहेत का. वहिनींनी काढून दिल्या. त्या तुझ्याकडे आहेत ते कळलं, बरं झालं.

वहिनींनी सांगितलं नसतं तरी कळलं असतं. त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात होतो. समोर रिक्षासाठी तुम्ही दोघं उभे होतात. केस पूर्ण पांढरे झालेत तुझे. आकांक्षा तुझ्या उजव्या बाजूने बोलत होती आणि तू वाकून ऐकत होतास. रस्ता ओलांडला असता तर दहा पावलं होती. मी दुकानाच्या आत सरकलो आणि दुकानदाराला नको असलेल्या गोळ्यांचा भाव विचारत राहिलो. तुम्ही गेल्यावर बाहेर आलो. तुला माझ्या घराची गल्ली ठाऊक होती, पत्ता प्रत्येक पाकिटावर आहे. तू तिकडे वळला नाहीस. बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असतो तर बडोद्यालाच आलो नसतो.

आता ज्यासाठी लिहितोय ते.

तीस तारखेला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता आकांक्षाच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे. अकोट्यातच, छोट्या सभागृहात. तिने तुला कळवलंच असेल. परवा मी क्लास घेत होतो तेव्हा ती येऊन स्नेहलताच्या हातात दोन पास देऊन गेली. पुढच्या रांगेतले. आत आली नाही, मला हाक मारली नाही. पण देऊन गेली. पास हातात धरून मी बराच वेळ बसून होतो. तिच्या मनात ते देताना काय होतं, मला सांगता येणार नाही, आणि आपल्याला सोयीचा अर्थ लावायची सवय मला आता मोडायची आहे.

काल कोमलवहिनी भेटल्या. त्यांच्याकडून कळलं की तू आकांक्षाला विचारलंस, "मुकुंद असणार का तिथे?" आणि ती म्हणाली, माहीत नाही. तू अजून तिकीट काढलेलं नाहीस.

मला तिला ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू? ती बेस मी फ्रेटन्‌फ्रेट तपासलीय, आणि ती स्टेजवर, मोठ्या स्पीकरवर कशी वाजते ते मी एकदाही ऐकलेलं नाही. पण एकाच सभागृहात आपण दोघं बसलो तर तू अर्धं लक्ष तिच्याकडे देशील आणि अर्धं माझ्याकडे. तुझी एक गोष्ट मी पूर्वी घेतली आहे. ही घेणार नाही.

माझी बहीण योगिनी करजणला असते, तुला आठवत असेल. मी त्या रविवारी दुपारच्या बसने तिच्याकडे जातोय आणि सोमवारी सकाळी परतेन. आकांक्षाला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं काका." तिने काका म्हटलं, एवढं मी माझ्याकडे ठेवतो.

तू निर्धास्त ये. स्पीकर उजवीकडे आहे, म्हणून मधल्या वाटेच्या उजवीकडच्या खुर्च्या घे. हे पास त्याच बाजूचे आहेत, स्नेहलताला विचारून दोन्ही ह्या पाकिटातच ठेवलेत. निरुपमावहिनींचा पास आकांक्षाकडे वेगळा आहे, मी विचारून घेतलं. ह्यातला एक तुझा. दुसरा कोमलवहिनींना दे, आणि त्यांना घरून तूच घेऊन जा.

मुकुंद